पहिली जुनी रेसकार: फॉर्म्युला व्ही की फॉर्म्युला फोर्ड?

शेडमध्ये वर्षानुवर्षं पडलेली सिंगल-सीटर (एकाच चालकाची रेसकार) पहिल्यांदाच दुरुस्त करून उभी करायची असेल, तर फॉर्म्युला व्ही आणि फॉर्म्युला फोर्ड या दोन रेसिंग वर्गांपैकी आमचं मत फॉर्म्युला व्हीच्या बाजूने आहे. तिचं 1200 सीसी एअर-कूल्ड इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा बीम (पुढच्या चाकांचा आडवा अ‍ॅक्सल) आणि ड्रम ब्रेक फोक्सवॅगन बीटलचे. रेडिएटर, पाण्याचा पंप, होज या भानगडी नाहीतच. इंजिन उघडण्याआधी पुली पुढे-मागे ढकलून डायल गेजवर क्रँकचा एंड प्ले, म्हणजे क्रँकशाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल, मोजा. 0.07 ते 0.13 मिमी ठीक, 0.15च्या वर गेला तर आधी फ्लायव्हीलमागचे शिम (पातळ चकत्या) तपासा; बेअरिंग केसमध्ये सैल झालं असेल तर केस (इंजिनचं कवच) उघडावी लागते. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) 0.15 मिमी, तोही इंजिन थंड असतानाच. बीममध्ये ग्रीस वाळून दगड होतं आणि लिंक पिन (चाकाचा सांधा बीमच्या हातांना जोडणाऱ्या पिना) झिजतात, म्हणून चाक वर-खाली हलवून खुळखुळ तपासा.

1967 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या फॉर्म्युला फोर्डमध्ये 1600 सीसीचं फोर्डचं केंट इंजिन, डिस्क ब्रेक आणि सहसा ह्यूलँड कंपनीचा गिअरबॉक्स असतो. चालवायला ती सरस, पण काम वाढतं. सस्पेन्शनचे रॉड-एंड (दांड्यांच्या टोकाचे फिरते सांधे) सगळेच बदला; गंजलेला सांधा बाहेरून धड दिसतो आणि वळणात तुटतो. काही गाड्यांत पाणी चासीच्या नळ्यांतूनच फिरतं आणि नळी आतून कुजते.

दोन्हींत चासी आधी रंगवू नका. पावडर कोटिंगखाली वेल्डच्या भेगा झाकल्या जातात. रंग काढा, डाय पेनेट्रंटने (भेगा दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) जोड तपासा, मगच रंग.