वांगणीची आकाशदर्शनाची रात्र

हॅलेचा धूमकेतू 1985-86 मध्ये आला, त्या सुमारास मुंबईत सुरू झालेले खगोल मंडळ आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालते आणि मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील वांगणी येथे होणारा त्यांचा रात्रभराचा आकाशदर्शन कार्यक्रम हौशी माणसाने जरूर अनुभवावा असा आहे. दुर्बिणीसमोर रांग लागतेच. मात्र त्या वेळात नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखायला शिकवतात, आणि माझ्या मते खरी कमाई तीच. मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांची रेषा एका बाजूला वाढवली की व्याध सापडतो, दुसऱ्या बाजूला रोहिणी. त्याच बाणाखालचा धुरकट ठिपका दुर्बिणीतून सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ म्हणून उलगडतो. छायाचित्रांतला गुलाबी रंग मात्र डोळ्यांना दिसत नाही, तो राखाडीच दिसतो, हे नवख्यांनी आधीच जाणून असावे. वायव्येला बदलापूरच्या दिव्यांचा उजेड जाणवतो, त्याला कोणाचाच इलाज नाही. थंडीत अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी, स्वेटर व सतरंजी न्यावी, आणि टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळावा, म्हणजे अंधाराला सरावलेले इतरांचे डोळे दिपणार नाहीत.