ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा आणि एबीएस वाचणारा स्कॅनर: पावसाळाभर वापरल्यावर

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घ्यायचा तर कुठला, हे तुमच्या गाडीत कुठला दिवा लागतोय त्यावर ठरवा. इंजिनाचा दिवा असेल तर पाचशे-सातशे रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं अ‍ॅप पुरतं. पण घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा, म्हणजे चाक फुकट फिरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा, लागत असेल, तर तोच अडॅप्टर बहुतेकदा 'एकही दोष नाही' असं बिनदिक्कत सांगून मोकळा होतो. इंजिन आणि धुराशी संबंधित, 'पी'ने सुरू होणारे प्रमाणित कोड ओबीडी असलेल्या सगळ्या गाड्यांत एकाच पद्धतीने वाचता येतात. ट्रॅक्शन कंट्रोलचे 'सी'वाले कोड एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्यूलमध्ये, म्हणजे तिच्या छोट्या संगणकात पडतात आणि ते वाचायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. म्हणून पावसाच्या तोंडावर सात हजारांच्या आसपासचा, एबीएस वाचणारा वायरवाला स्कॅनर घेतला. आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे बोलण्याइतका वापर झाला.

माझ्या गाडीची तक्रार अशी होती: कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालं की मलकापूरपर्यंत सगळं ठीक. आंबा घाटात वळणं सुरू झाली की दिवा लागायचा, पाठोपाठ एबीएसचाही. साखरप्याला गाडी बंद करून पुन्हा चालू करून थोडी पुढे नेली की दोन्ही गायब. (दिवा लुकलुकत असेल तर काळजी नको, तेव्हा यंत्रणा चाक घसरताना आवरत असते. स्थिर लागला तर एकतर बटण दाबून ती बंद झाली आहे, नाहीतर बिघाड आहे.) एका वर्कशॉपने कोड न बघताच सेन्सर बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं होतं.

स्कॅनरने 'सी ००३५' दाखवला: पुढचं डावं चाक, वेगाच्या सेन्सरचं सर्किट. इथे 'सर्किट' हा शब्द नीट वाचायचा. त्यात सेन्सर आला, त्याची वायर आली, कनेक्टर आला आणि मॉड्यूलही आलं. कोड एवढंच सांगतो की या चाकाकडून येणारी खबर तुटली. चाक घसरतंय हे ओळखायला ट्रॅक्शन कंट्रोलचे स्वतःचे वेगळे सेन्सर नसतात, एबीएसच्याच चार चाकांच्या वेगांची तुलना करून कुठलं चाक फुकट फिरतंय ते ते ओळखतं. एका चाकाचा वेग कळेनासा झाला की तुलनाच होत नाही, म्हणून दोन्ही दिवे एकदम लागतात.

माझे पैसे वसूल झाले ते लाइव्ह डेटामुळे, म्हणजे गाडी चालू असताना सेन्सरचे आकडे स्क्रीनवर दिसतात त्यामुळे. मेव्हण्याला गाडी चालवायला बसवलं आणि मी शेजारी स्कॅनर धरून बसलो. मोकळ्या मैदानात सरळ जाताना चारही चाकांचे आकडे जवळपास सारखे. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या चाकाचा आकडा पटकन शून्य, सरळ केलं की परत जागेवर. सेन्सरच मेला असता तर त्याने स्टिअरिंग कुठे वळलंय याची वाट कशाला पाहिली असती? म्हणजे दोष वळताना वाकणाऱ्या वायरीत.

आमच्या वायरमनला ते दाखवलं. त्याने चाकाच्या आतल्या बाजूची वायर बोटांनी चाचपली, एका जागी दुमडली आणि म्हणाला, "साहेब, सेन्सर बरा हाय. तार आतनं तुटलीया." वरचं रबर शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. त्याने तेवढा तुकडा लवचीक वायरीने बदलला आणि सोल्डरचे जोड मुद्दाम वायर वाकते त्या जागेपासून लांब घेऊन वर स्लीव्ह चढवली. सेन्सर उपटायची वेळ आली नाही हे फार बरं झालं, कारण कोकणातल्या पावसात तो गंजून आत असा बसतो की काढताना हमखास तुटतो. त्यानंतर घाट बऱ्याचदा झाला, दिवा परत आलेला नाही.

जाता जाता: आजकालच्या बहुतेक गाड्यांत हे सेन्सर अ‍ॅक्टिव्ह प्रकारचे, म्हणजे बाहेरून वीज मिळाली तरच चालणारे असतात. त्यांना मल्टिमीटर लावून ओहम मोजण्यात अर्थ नाही. कनेक्टरला व्होल्टेज पोचतंय का ते बघावं.

मेव्हण्याच्या गाडीत हाच दिवा व्हील अलाइनमेंट केल्यावर लागला. तिथे चाकं निर्दोष होती, पण गाडी सरळ जात असतानाही स्टिअरिंगचा कोन काही अंश वळलेला दिसत होता. हा कोनही यंत्रणा बघत असते, म्हणून स्कॅनरवरून त्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणला आणि काम झालं. अलाइनमेंटवाल्याकडे ही सोय नव्हती. शेजाऱ्यांच्या गाडीत तर बॅटरीच थकलेली निघाली. स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं पडायचं की कमी व्होल्टेजचे कोड एकाच वेळी तीन मॉड्यूलमध्ये.

आता कुरकुर. उन्हात स्क्रीन दिसत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलांची नावं यादीतच नाहीत, मग त्याच कंपनीची परदेशी भावंडं निवडून बघावी लागतात. वाचायला ते चालतं, पण कॅलिब्रेशनसारखं (वर सेन्सर शून्यावर आणला तसं) काही मॉड्यूलमध्ये लिहायचं असेल तर अशी अंदाजपंचे निवड करू नका. सुरुवातीचं फुकट अपडेट संपलं की पुढे पैसे. आणि काम झाल्यावर स्कॅनर गाडीतल्या ओबीडी पोर्टमधून (तो जोडतात त्या सॉकेटमधून) काढून ठेवा. त्या पोर्टला गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा असतो.

कोड लगेच उडवायचा मोह मात्र आवरा. आधी त्याचा फोटो काढा, कारण काही गाड्यांत कोड पडला त्या क्षणाचा वेगही नोंदलेला असतो आणि कोडबरोबर तोही पुसला जातो. नुसते ट्रॅक्शन आणि एबीएसचे दिवे असतील तर साधा ब्रेक लागतो, गाडी जपून घरी आणता येते. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर स्कॅनर काढत बसू नका. बाजूला घ्या, हँडब्रेक आणि ब्रेक ऑइल तपासा आणि तरीही दिवा विझला नाही तर गाडी टो करून न्या.