डॉक्टर हू, सीझन १२ ब्ल्यू-रे: आठ महिने वापरल्यावर

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची जुनी विज्ञानमालिका. तिचा नायक ‘डॉक्टर’ वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या नटांनी साकारलाय. तिच्या जुन्या हंगामांच्या ‘डॉक्टर हू – द कलेक्शन’ या ब्ल्यू-रे मालिकेतला सीझन १२ चा संच गेल्या ऑक्टोबरात घरी आला. तेव्हापासून आठ महिन्यांत त्यातल्या पाचही कथा, म्हणजे वीस भाग, किमान दोनदा पाहून झाले. ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ तर चार वेळा. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. आता कौतुक कशाचं करायचं आणि कशाची अपेक्षा ठेवायची नाही, हे नीट कळलंय, म्हणून लिहितोय. मी ब्रिटनमध्ये रेडिंगला राहतो, त्यामुळे मला हे संच दुकानात मिळतात. भारतातून मागवणाऱ्यांसाठी पुढे वेगळं सांगतो.

आधी वाट पाहण्याबद्दल. बीबीसीने जुन्या डॉक्टर हूचे हंगाम एकेक करून ब्ल्यू-रेवर आणायला २०१८ मध्ये सुरुवात केली, आणि पहिला आला तो हाच, बारावा. मग एकोणिसावा, अठरावा, दहावा. क्रम कसलाच नाही. पुढचा कुठला येणार हे जाहीर होईपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, आणि जाहीर होतं तेव्हा कधीकधी त्यासोबत खास चित्रित केलेली छोटी फिल्म येते. सव्विसाव्या हंगामाच्या वेळी सोफी आल्ड्रेड तीस वर्षांनी पुन्हा एस, म्हणजे डॉक्टरची साथीदार, म्हणून उभी राहिली. दिवाळी अंकांच्या जाहिराती यायला लागल्या की लहानपणी जी हुरहूर लागायची, तीच मला या घोषणांच्या वेळी लागते. सीझन १२ ची पहिली मर्यादित आवृत्ती मात्र माझ्या हातून निसटली. मला या मालिकेचा नाद लागला तोवर ती संपली होती, आणि जुन्या प्रती मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकल्या जात होत्या. साध्या खोक्यातली आवृत्ती निघेपर्यंत थांबलो आणि ती पन्नास पौंडांच्या आत मिळाली. आतल्या डिस्क मर्यादित आवृत्तीतल्याच आहेत. खोकं कपाटात मिरवायचं नसेल तर जास्तीचे पैसे घालू नका.

आता मुद्द्याचं. एचडी म्हणजे काय?

माझ्याकडे २०१३ ची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ ही ब्ल्यू-रे डिस्क आधीपासून होती. ती डॉक्टर म्हणून जॉन पर्टवीची पहिली कथा, जानेवारी १९७० मध्ये प्रसारित झालेली. सीझन १२ ची सुरुवात ‘रोबॉट’ने होते. ती पर्टवीनंतरचा डॉक्टर टॉम बेकर याची पहिली कथा, डिसेंबर १९७४ ची. दोन्हींचं बरंचसं चित्रण एकाच ठिकाणी झालंय: ईव्हशॅमजवळ वुड नॉर्टनला, बीबीसीच्या अभियंत्यांच्या प्रशिक्षण केंद्रात. एका रविवारी दोन्ही डिस्क पाठोपाठ लावल्या. तेच आवार, पाच वर्षांचं अंतर, आणि चित्रात जमीन-अस्मानाचा फरक.

‘स्पिअरहेड’च्या वेळी बीबीसीच्या स्टुडिओत संप चालू होता. त्यामुळे अख्खी कथा स्टुडिओबाहेर, सोळा मिलिमीटर फिल्मवर चित्रित करावी लागली. १९६९ मध्ये ती अडचण होती, आज तेच आपलं भाग्य ठरलंय. फिल्ममध्ये त्या काळच्या टीव्हीवर दिसत होतं त्याहून कितीतरी अधिक तपशील असतो. ती पुन्हा स्कॅन केली की तो बाहेर येतो. दुसऱ्या भागात डॉक्टर शॉवरखाली उभा असतो तेव्हा त्याच्या हातावर गोंदण दिसतं. पर्टवीने नौदलात असताना गोंदवून घेतलेला तो साप आहे. जुन्या डीव्हीडीवर तिथे नुसता काळसर डाग वाटायचा. आता त्याचे वळसे दिसतात. कपड्यांच्या दुकानाच्या काचेआडचे पुतळे हलायला लागतात त्या दृश्यात त्यांच्या चेहऱ्यांवरची प्लास्टिकची तुकतुकी दिसते. त्या दृश्यात काच फुटताना कुठेच दाखवलेली नाही, फक्त आवाज आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं.

‘रोबॉट’मध्ये उलट गोष्ट. शेवटी यंत्रमानव राक्षसाएवढा होतो, आणि ते दृश्य एकरंगी पडद्यापुढे टिपून दुसऱ्या चित्रावर जोडायचं तर बाहेरचं चित्रणही व्हिडिओवर हवं होतं. म्हणून त्यांनी फिल्म टाळून मैदानातसुद्धा व्हिडिओचे कॅमेरे नेले. व्हिडिओमध्ये ६२५ रेषा, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. टेपवर जेवढं उतरलं तेवढंच. एचडीच्या १०८० रेषांत ते चित्र नीट बसवता येतं, पण जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते कुठून येणार? ‘द सोन्टारन एक्सपेरिमेंट’चंही तेच, तीसुद्धा पूर्णपणे बाहेर आणि पूर्णपणे व्हिडिओवर. म्हणून खोक्यावरचं ब्ल्यू-रे हे नाव वाचून काचेसारखं लखलखीत चित्र मिळेल अशी आशा धरणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासात हा संच फसवा वाटेल. तसा तो नाही.

मग डीव्हीडीपेक्षा फरक कुठे पडतो? माझ्या मते दोन जागी, आणि दोन्ही महत्त्वाच्या. एक म्हणजे चित्र दाबून डिस्कवर भरल्याच्या खुणा गेल्यात. डीव्हीडीवर धुकं, धूर, पाणी, अंधारा बोगदा आला की चित्राचे चौकोन पडायचे. इथे नाहीत. दुसरं म्हणजे रंग. टॉम बेकरचा तो लांबच लांब मफलर घ्या. वेशभूषाकाराने दिलेली सगळी लोकर विणणाऱ्या बाईंनी वापरून टाकली, म्हणून तो एवढा लांब झाला. डीव्हीडीवर त्याचे पट्टे एकमेकांत फिस्कटायचे. आता मोहरीचा पिवळा कुठे संपतो आणि विटकरी कुठे सुरू होतो ते कळतं. ‘द आर्क इन स्पेस’मध्ये नोआचा हात हळूहळू किडा होत जातो. तो हात म्हणजे हिरवा रंग फासलेलं बबल रॅप. आता त्यातले फुगे मोजता येतात, आणि तरीही केंटन मूर ज्या किळसेने त्या हाताकडे पाहतो त्यामुळे अंगावर काटा येतोच. साधन दिसलं म्हणून भीती कमी झाली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. याच कथेतले अंतराळस्थानकाचे वळणदार पांढरे बोळ ‘रिव्हेंज ऑफ द सायबरमेन’मध्ये पुन्हा वापरलेत, हेही आता सहज ओळखू येतं.

टीव्हीच्या सेटिंगबद्दल दोन शब्द, कारण पहिले तीन आठवडे माझे त्यातच गेले. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. शार्पनेस अगदी खाली आणा. या चित्राला कृत्रिम धार दिली की प्रत्येक माणसाभोवती पांढरी रेघ उठते. डिस्कवरचं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांचं आहे. ते जोडून पूर्ण करण्याचं काम प्लेअर आणि टीव्ही या दोघांपैकी कुणीतरी करतो. माझ्याकडे प्लेअरचं काम सरस निघालं, तुमच्याकडे उलट असू शकेल. स्कर्टिंगसारख्या तिरक्या रेघांकडे पाहा, करवतीसारखे दाते दिसले तर दुसरा पर्याय निवडा.

भारतासाठी: ब्ल्यू-रेच्या विभागांत ब्रिटन ‘बी’ आणि भारत ‘सी’ आहे. मागवण्याआधी खोक्यावरचं चिन्ह आणि आपला प्लेअर दोन्ही तपासा. पन्नास हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांची, अडचण आपल्याकडे येत नाही, ती अमेरिकेतल्या नातेवाइकांना येते. माझ्या न्यू जर्सीच्या भावाच्या प्लेअरवर माझी ब्रिटिश डिस्क लागलीच नाही.

जानेवारीत आई साताऱ्याहून तीन महिने राहायला आली. तिला इंग्रजी वाचता येतं, ऐकलेलं मात्र भरभर कळत नाही. सगळ्या भागांना इंग्रजी सबटायटल आहेत, हे मला तेव्हा किती मोलाचं वाटलं. ‘जेनेसिस’ लावलं. सुरुवातीलाच धुक्यातून येणारे, गॅसचे मुखवटे घातलेले सैनिक सावकाश कोसळतात. सरेमधल्या बेचवर्थच्या दगडखाणीत ते चित्रित झालंय. आईने विणकाम मांडीवर ठेवलं. मग डाव्हरॉस आला. चाकाच्या खुर्चीतला तो शास्त्रज्ञ, मिटलेले डोळे, कपाळावर निळी भिंग, एकच हात चालतोय आणि तो हात बटणांवर फिरतोय. ही भूमिका करणारा मायकेल विशर तालमीला डोक्यावर कागदी पिशवी घालून बसायचा म्हणे, चेहरा न वापरता नुसत्या आवाजावर भूमिका तोलायची सवय व्हावी म्हणून. आई म्हणाली, “बंद कर रे ते, मला झोप यायची नाही.” मी बंद केलं. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर तीच म्हणाली, “अरे, लाव की पुढचं. त्या पोरीचं काय झालं ते बघू दे.” ती पोर म्हणजे डॉक्टरची साथीदार सारा जेन. सहाही भाग सहा रात्रींत, रोज एक. १९७५ च्या मार्च-एप्रिलमध्ये इथल्या लोकांनी ते आठवड्याला एक असे सहा शनिवार पाहिले होते. एकदम सलग पाहण्यापेक्षा ही चाल या कथांना मानवते, माझा हा सल्ला जरूर ऐका. ज्यांना वेळच नाही त्यांच्यासाठी ‘जेनेसिस’ची त्याच वर्षीच्या नाताळानंतर दाखवलेली, एकत्र छाटलेली आवृत्तीही संचात आहे. मला ती धावपळीची वाटते.

जोडीला दिलेलं साहित्य भरपूर आहे. त्यातलं मला सर्वांत भावलं ते ‘बिहाइंड द सोफा’: त्या काळचे कलाकार आणि निर्माते कोचावर बसून आपलेच जुने भाग पाहतात, बोलतात. ते पाहताना दोन रिकाम्या जागा सतत जाणवतात. सारा जेन साकारणारी एलिझाबेथ स्लेडन २०११ मध्ये गेली, डॉक्टरचा दुसरा साथीदार झालेला इयन मार्टर त्याच्याही खूप आधी, १९८६ मध्ये. मॅथ्यू स्वीटने घेतलेली टॉम बेकरची मुलाखत एका रात्री पाहायला बसलो आणि पूर्ण झाल्याशिवाय उठलो नाही. भाग चालू असताना त्याच्या निर्मितीची माहिती देणारी सबटायटल पहिल्या खेपेला लावू नका, दुसऱ्या खेपेला आवर्जून लावा.

तक्रार एकच, ती संचाबद्दल नाही. ज्या विक्रेत्याकडून घेतला त्याने साध्या पातळ पाकिटात घालून पाठवला. आतली डिस्क धरणारी दांडी तुटून एक डिस्क सुटी फिरत होती आणि तिच्यावर चरा पडला होता. ‘रिव्हेंज’च्या तिसऱ्या भागात चित्र अडकायचं. बदलून मिळायला पाच आठवडे गेले. पार्सल उघडताना प्रत्येक डिस्क पाहून घ्या, आणि पहिल्या पंधरवड्यात सगळ्या चालवून बघा.

मे महिन्यात आम्ही डार्टमूरला गेलो, खास हाउंड टॉरसाठी. ‘सोन्टारन एक्सपेरिमेंट’ तिथेच चित्रित झालीय. सह्याद्रीतल्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना ते राखाडी, गोलसर, एकावर एक रचल्यासारखे ग्रॅनाइटचे दगड निराळेच वाटतात. इथेच टॉम बेकर पडला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढच्या दृश्यांत त्याचा हात झोळीत आहे आणि ती कोटाआड, मफलरखाली लपवलीय. परत आल्यावर पुन्हा डिस्क लावली. तो उभा राहतो तो दगड ओळखता आला. व्हिडिओच्या ५७६ रेषांत तेवढं नक्की पुरतं.

कुणी विचारेल, हे सगळं आता इंटरनेटवर दिसत असताना डिस्क कशाला? नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने आठशेहून अधिक भाग आयप्लेअर या आपल्या ऑनलाइन सेवेवर ठेवले, पण १९६३ ची सर्वांत पहिली कथा त्यात नव्हती, कारण हक्कांचा प्रश्न सुटला नव्हता. कपाटातली डिस्क अशी उठून जात नाही. आणि त्याच्याही आधी टेप पुसून पुन्हा वापरण्याच्या काळात साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग गेले. चौथ्या हंगामातली तर एकही कथा पूर्ण उरलेली नाही. मराठी वाचकाला जवळचं उदाहरण देतो. जयंत नारळीकर केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली शिकले त्या फ्रेड हॉयल यांनी जॉन इलियट यांच्यासोबत १९६१ मध्ये बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची विज्ञानमालिका लिहिली होती. अभिनेत्री ज्युली क्रिस्टी त्यात होती. त्यातला एकच भाग आज पूर्ण मिळतो, बाकीच्यांचे तुकडे. नारळीकरांच्या गुरूंनी लिहिलेली मालिका आपल्याला बघायला मिळत नाही, ही गोष्ट मला खरोखर खुपते.

घ्यावा का? टॉम बेकर आवडत असेल, किंवा जुन्या डॉक्टर हूची सुरुवात कुठून करायची असा प्रश्न असेल, तर आधी हाच घ्या. डीव्हीडी आधीच असतील आणि फक्त चित्राच्या धारेसाठी बदलायच्या असतील तर ‘स्पिअरहेड’ घ्या, ती खरी एचडी आहे. मला विचाराल तर दोन्ही. मी आता साठच्या दशकातल्या उरलेल्या हंगामांची वाट पाहतोय, आणि आईने साताऱ्याहून परवा फोनवर विचारलं, तो खुर्चीतला माणूस परत येतो का. येतो, १९७९ मध्ये, सतराव्या हंगामात. तो संच मागवलाय, ती दिवाळीत येईल तेव्हा लावू.