ऑटोनॉमस डेटाबेसच्या प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास : सोलापुरातील नऊ महिन्यांचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी गेली अकरा वर्षे डेटाबेस सांभाळते. ऑर्डरी, सूतखरेदी, लॉट, डिस्पॅच आणि पार्ट्यांचे येणे-देणे हे सगळे कार्यालयातल्या एकाच सर्व्हरवरील ओरॅकल डेटाबेसमध्ये आहे. रात्री अकरा वाजता आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनाची स्क्रिप्ट बॅकअप घेते आणि सकाळी आल्याबरोबर तिचा लॉग वाचणे हे माझे पहिले काम असते. गेल्या जूनमध्ये मी ‘ओरॅकल ऑटोनॉमस डेटाबेस क्लाउड प्रोफेशनल’ या परीक्षेचा, म्हणजे १झेड०-९३१ या क्रमांकाच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला आणि मार्चमध्ये ती उत्तीर्ण झाले. ऑटोनॉमस डेटाबेस म्हणजे ओरॅकलच्या क्लाउडवर चालणारा, बॅकअपसारखी देखभालीची कामे स्वतःच करणारा डेटाबेस. नोकरी आणि घर सांभाळून अभ्यास करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अभ्यास सुरू केल्याचे कळल्यावर आमच्या लेखापाल काकांनी मला सरळच विचारले होते, “ताई, डेटाबेस आपला आपणच चालणार असेल, तर मग तुमचं काम काय उरणार?” त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढचे नऊ महिने मी जे वाचले आणि करून पाहिले, ते बहुतेक याच प्रश्नाभोवती फिरत राहिले.

त्यामागचे कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी आर्काइव्ह लॉगची, म्हणजे डेटाबेसमधील बदलांच्या नोंदी साठवणारी, डिस्क भरली आणि ओआरए-००२५७ ही त्रुटी देऊन आमचा डेटाबेस भर दुपारी थांबला. माल भरलेला ट्रक गेटवर उभा होता आणि चलन निघत नव्हते. जुने लॉग हलवून जागा मोकळी करीपर्यंत पाऊण तास गेला. डिस्कवर लक्ष ठेवायला हवे होते, ते मी ठेवले नव्हते. ऑटोनॉमस डेटाबेसमध्ये ही सारी बाजू आपल्या हातातून काढून घेतलेली आहे. बॅकअप रोज आपोआप होतात आणि ६० दिवसांपर्यंत ठेवता येतात, त्या मुदतीतील कोणत्याही क्षणापर्यंत डेटाबेस मागे नेता येतो, पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) ठरलेल्या वेळी आपोआप लागतात, साठवणही गरजेप्रमाणे वाढवता येते. अकरा वर्षे जी कामे केली त्यांतली निम्मी या एका वाक्यात संपतात, हे पहिल्या आठवड्यात माझ्या मनाला लागले, हे मी लपवणार नाही.

आता खाते उघडण्याविषयी. ओरॅकल क्लाउडचे खाते उघडताना ‘होम रीजन’, म्हणजे आपली सेवा ज्या भागातील केंद्रातून चालणार तो भाग, निवडावा लागतो आणि तो पुढे बदलता येत नाही. कायमस्वरूपी मोफत मिळणाऱ्या सुविधाही त्याच रीजनमध्ये वापरता येतात. भारतात मुंबई आणि हैदराबाद असे दोन पर्याय आहेत. सोलापूरला हैदराबाद जवळचे, म्हणून मी ते निवडले. खाते उघडल्याच्या दिवसापासून ३० दिवसांसाठी ३०० डॉलरचे क्रेडिट मिळते, आणि माझी मोठी चूक इथेच झाली. पहिल्याच दिवशी उत्साहाने खाते उघडले आणि मग तीन आठवडे ओरॅकलच्या मायलर्न या संकेतस्थळावरचे मोफत व्हिडिओ पाहत बसले. हातात प्रत्यक्ष नऊ दिवस उरले. मोफत डेटाबेसमध्ये प्रोसेसर वाढवून पाहता येत नाही, खाजगी एंडपॉइंट (फक्त आपल्या खाजगी नेटवर्कमधून जोडणीची वाट) करता येत नाही; या गोष्टी क्रेडिट असतानाच करून घ्याव्या लागतात. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा की, व्हिडिओ आधी पाहावेत, काय काय करून पाहायचे त्याची वहीत यादी करावी आणि खाते त्यानंतर उघडावे.

त्या नऊ दिवसांत मी झोप कमी करून जे शिकले ते मात्र पक्के बसले. ऑटो स्केलिंग चालू केले की डेटाबेस मूळ प्रोसेसरच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, हे वाचून कळते. पण मुद्दाम जड क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लावून परफॉर्मन्स हब या देखरेखीच्या पानावरचा आलेख वर चढताना पाहिला की ते विसरले जात नाही. आपोआप इंडेक्स (ओळी लवकर शोधून देणारी सूची) तयार होण्याचा प्रयोगही मी त्याच दिवसांत केला. माझी समजूत अशी होती की डेटाबेस ‘ऑटोनॉमस’ आहे म्हणजे ही सोय चालूच असणार. ती मुळात बंद असते. डीबीएमएस_ऑटो_इंडेक्स या पॅकेजातून ती ‘इम्प्लिमेंट’ या अवस्थेत आणावी लागते. मी डिस्पॅचच्या टेबलवरचा पार्टी कोडचा, स्वतः तयार केलेला इंडेक्स काढून टाकला, तीच क्वेरी वेगवेगळ्या पार्ट्यांसाठी पुन्हा पुन्हा चालवली आणि वाट पाहिली. हे काम पार्श्वभूमीत दर १५ मिनिटांनी चालते. इंडेक्स आधी अदृश्य स्वरूपात तयार होतो, त्याने क्वेरी खरोखर सुधारते का हे तपासले जाते आणि सुधारत असेल तरच तो दृश्य होतो. रात्री साडेबाराच्या सुमारास अहवालात ‘एसवायएस_एआय’ने सुरू होणारे नाव दिसले आणि त्यापुढे मी काढून टाकलेलाच पार्टी कोडचा कॉलम होता. मी अकरा वर्षांपूर्वी अनुभवाने जे ठरवले होते तेच यंत्राने मोजून ठरवले, याचा मला मनापासून आनंद झाला.

क्रेडिट संपल्यावर मोफत डेटाबेसवर अभ्यास चालू ठेवला. असे दोन डेटाबेस मिळतात आणि प्रत्येकाला २० जीबी जागा असते. अभ्यासाला ती भरपूर पुरते. नमुना विदा (डेटा) न वापरता आपल्याच कामाची विदा भरावी, असे मी आवर्जून सांगेन. मी मालकांची परवानगी घेऊन आणि पार्ट्यांची नावे बदलून जुन्या डिस्पॅचच्या सुमारे ४१ हजार ओळी सीएसव्ही फाइलमध्ये काढल्या. फाइल ऑब्जेक्ट स्टोरेज या क्लाउडवरील साठवणीत ठेवायची, क्रेडेन्शियल (तिथे पोचण्यासाठीची ओळख) तयार करायचे आणि डीबीएमएस_क्लाउडमधील कॉपी_डेटा या प्रोसिजरने टेबलमध्ये भरायची, एवढाच क्रम आहे. क्रेडेन्शियलला लागणारे ऑथ टोकन पडद्यावर एकदाच दिसते, ते त्याच क्षणी जपून ठेवावे लागते. लोड पहिल्या फटक्यात नापास झाला, कारण नाकारलेल्या ओळींची मर्यादा मुळात शून्य असते आणि एक ओळ चुकली तरी सगळे काम थांबते. यूझर_लोड_ऑपरेशन्स या व्ह्यूमध्ये लॉगच्या आणि खराब ओळींच्या टेबलांची नावे मिळाली. खराब ओळींचे टेबल उघडले तर त्यात एकच ओळ, आणि तिची तारीख ३१-११-२०१९. नोव्हेंबरला एकतिसावा दिवस नसतो. आमच्या जुन्या प्रणालीत तो रकाना मजकूर म्हणून ठेवलेला असल्याने कोणी तरी चुकीची तारीख टाकली आणि ती इतकी वर्षे तशीच पडून राहिली. लॉगची ही टेबले दोन दिवसांनी आपोआप काढली जातात, त्यामुळे चूक झाल्यावर लगेच पाहावे.

ही ओळ पाहिल्यावर काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला दिसू लागले. बॅकअप, पॅच, डिस्क हे यंत्राने घेतले, पण एकतीस नोव्हेंबर म्हणजे तीस नोव्हेंबर की एक डिसेंबर, हे चलनाची कार्बन प्रत काढून पाहणारे माणूसच ठरवू शकते. मी ती प्रत शोधली; तीस नोव्हेंबर होती.

अभ्यासक्रमात मला सर्वांत जड गेला तो सर्व्हिसचा, म्हणजे डेटाबेसशी जोडण्याच्या वेगवेगळ्या वाटांचा, भाग. वेअरहाउस (विदेच्या विश्लेषणासाठीच्या) प्रकारात हाय, मीडियम आणि लो अशा तीन सर्व्हिस असतात. ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग (रोजच्या व्यवहारांसाठीच्या) प्रकारात त्यांच्याशिवाय टीपी आणि टीपी अर्जंट या आणखी दोन असतात. नावावरून वाटते की ‘हाय’ म्हणजे चांगली, तीच वापरावी. हाय सर्व्हिसमध्ये एकेक क्वेरी समांतरपणे अनेक प्रोसेसरवर पसरते, पण एका वेळी तीनच क्वेरी चालतात आणि चौथी रांगेत थांबते. लो सर्व्हिसमध्ये क्वेरी एकेरी चालते, पण खूप जण एकाच वेळी काम करू शकतात. मला हे मागांच्या भाषेत समजले. सगळे माग एकाच मोठ्या ऑर्डरीला लावले तर ती लवकर उरकते, पण लहान ऑर्डरी दारात थांबतात; एकेका मागावर एकेक ऑर्डर लावली तर सगळ्यांचे काम चालू राहते, मोठीला मात्र वेळ लागतो. दिवसभर चलने काढणाऱ्या कारकुनांना हाय सर्व्हिस देणे चुकीचे आहे, हे यानंतर मला पाठ करावे लागले नाही.

अशीच दुसरी जागा हिंटची. वेअरहाउस प्रकारात क्वेरीतील ऑप्टिमायझर हिंट, म्हणजे ती कशी चालवावी याच्या सूचना, मुळात दुर्लक्षित केले जातात, ट्रान्झॅक्शन प्रकारात ते मानले जातात. मी एकच क्वेरी दोन्हीकडे इंडेक्सच्या हिंटसह चालवून प्लॅन (क्वेरी चालवण्याचे मार्ग) शेजारी शेजारी ठेवून पाहिले. जुन्या सवयीच्या माणसाने हे करून पाहणे फार गरजेचे आहे. सिस या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने लॉगिन नाही, ऑपरेटिंग सिस्टिम हाताशी नाही, स्वतःची टेबलस्पेस (साठवणीचा कप्पा) तयार करता येत नाही. ॲडमिन या वापरकर्त्याला जेवढे अधिकार आहेत तेवढ्यातच काम करायचे. अशा प्रत्येक ठिकाणी जुना हात आपोआप जुन्या कमांडकडे जातो.

जोडणीच्या भागात मला एक संपूर्ण संध्याकाळ घालवावी लागली. वॉलेटची (जोडणीच्या प्रमाणपत्रांची) झिप फाइल उतरवून एसक्यूएल डेव्हलपरमधून जोडणी झाली होती आणि सुरक्षिततेसाठी मी ॲक्सेस कंट्रोल लिस्टमध्ये (परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत) फक्त घरचा आयपी पत्ता घातला होता. आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी वीज गेली, मी लॅपटॉप मोबाइलच्या इंटरनेटवर घेतला आणि ओआरए-१२५०६ ही त्रुटी आली. पासवर्ड, वॉलेट, सगळे पुन्हा पुन्हा तपासले. शेवटी लक्षात आले की मोबाइलवर आयपी पत्ता वेगळा आहे आणि मीच घातलेली यादी मला आत येऊ देत नाही.

मी एक चूक पैसे देऊनही केली. एका टेलिग्राम गटातून ‘खात्रीचे प्रश्न’ म्हणून एक संच नऊशे रुपयांना विकत घेतला. त्यात वेअरहाउसमध्ये हिंट मुळातच मानले जातात असे उत्तर होते, वॉलेटशिवाय जोडणी होऊच शकत नाही असेही होते आणि सगळे हिशेब ओसीपीयू या प्रोसेसर मोजण्याच्या जुन्या एककात होते. वेअरहाउस मार्च २०१८ मध्ये आणि ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारात आले. त्यानंतर वॉलेटशिवाय टीएलएस (सुरक्षित) जोडणी आली, मोजमाप ईसीपीयू या नव्या एककावर गेले, आणि जुनी टिपणे मात्र तशीच फिरत राहिली. शिवाय परीक्षेतील खरे प्रश्न बाहेर देणे-घेणे हा परीक्षेच्या कराराचा भंग आहे आणि त्यापायी प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. असा संच घेणे हे गैर होते आणि ते मी पुन्हा करणार नाही. ओरॅकलची अधिकृत दस्तऐवजे मोफत आहेत आणि तीच अद्ययावत असतात. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असल्याने इंग्रजी परिच्छेद वाचायला मला वेळ लागत असे. म्हणून प्रत्येक प्रकरणाचा सारांश मी मराठीत वहीत लिहीत गेले. दोनशे पानी दोन वह्या भरल्या आणि शेवटच्या महिन्यात मी बहुतेक त्याच वाचल्या.

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा आली. घरी पाहुणे होते, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, सगळ्यात दहा दिवस कसे गेले कळले नाही. परत लॉगिन केले तर डेटाबेस बंद. मोफत डेटाबेस सलग सात दिवस न वापरल्यास आपोआप थांबवला जातो आणि बराच काळ, म्हणजे ९० दिवस, तसाच राहिला तर कायमचा नष्ट होतो. स्टार्टचे बटण दाबल्यावर माझी विदा जशीच्या तशी परत आली, पण ती दोन-तीन मिनिटे मी देवाचे नाव घेत बसले होते.

परीक्षा मी घरूनच, कॅमेऱ्यासमोर दिली. ओळखपत्रावरचे आणि खात्यावरचे नाव जुळावे लागते. माझ्या खात्यावर माहेरचे आडनाव होते, ते आठवडाभर आधी दुरुस्त करून घेतले. टेबलावर कागद-पेन काहीही चालत नाही आणि खोली कॅमेऱ्यातून फिरवून दाखवावी लागते. मार्चच्या उन्हात वीज जाण्याची भीती होती, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेतला. प्रश्नांविषयी काही लिहिणे योग्य नाही. एवढेच सांगते की ज्या गोष्टी मी स्वतः करून पाहिल्या होत्या तिथे मला विचार करायला वेळ लागला नाही आणि ज्या फक्त वाचल्या होत्या, विशेषतः डेटा गार्डचा (डेटाबेसची दुसरी प्रत तयार ठेवण्याच्या सोयीचा) भाग, तिथे मी अडखळले.

निकालानंतर मालकांपुढे प्रस्ताव ठेवला. रोजच्या ऑर्डरी आणि चलने कार्यालयातल्या सर्व्हरवरच राहावीत, कारण रस्ता खोदताना केबल तुटली की आमच्या भागातले इंटरनेट दिवसभर बंद राहते आणि ट्रक थांबवून चालत नाही; जुन्या सहा वर्षांची डिस्पॅचची विदा मात्र वेअरहाउसमध्ये न्यावी, म्हणजे कोणत्या पार्टीने कोणत्या जीएसएमचा (दर चौरस मीटरच्या वजनाचा) माल कोणत्या महिन्यात उचलला हे विक्री विभागाला स्वतः पाहता येईल. त्यांनी होकार दिला आहे. लेखापाल काका सध्या माझ्यासोबत बसून जुन्या चलनांच्या फाइली काढतात, कारण तपासणीत अशा आणखी सतरा तारखा सापडल्या आहेत. दरम्यान सरावाचा डेटाबेस मी चालूच ठेवला आहे आणि दर मंगळवारी व शनिवारी सकाळी, आरमॅनचा लॉग वाचून झाला की, त्यावर एक क्वेरी चालवते.