सरकारी पैसा कुठे घालायचा: आपल्या शाळा-दवाखान्यांत की खासगीतल्या जागा-खाटांवर?

प्रचारात शिक्षण आणि आरोग्याबद्दल दोन तऱ्हेची आश्वासनं ऐकू येतात. एक उमेदवार म्हणतो, रिक्त पदं भरू, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि सरकारी दवाखाने सुधारू. दुसरा म्हणतो, तुम्ही खुशाल खासगी शाळेत, खासगी हॉस्पिटलात जा, बिल सरकार भरेल. पैसा दोन्हीकडे करदात्याचाच. पहिल्यात सरकार सेवा स्वतः चालवतं, दुसऱ्यात ती विकत घेतं. महाराष्ट्रात या दोन्ही पद्धती गेली बारा-चौदा वर्षं शेजारी शेजारी चालू आहेत, म्हणून मत ठरवताना घोषणांवर विसंबायची गरज नाही.

दवाखाना

विकत घेण्याच्या बाजूला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि 2013 मध्ये राज्यभर पोचली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि यादीत 971 उपचार होते. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने रक्कम 5 लाखांवर गेली, उपचार 1356 झाले आणि पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबंही त्यात आली.

तिचं बळ मोठ्या आजारात दिसतं. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत बाळंतपण वगळता एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात 4,452 रुपये होता, खासगीत 31,845. हा देशभरातला सरासरीचा आकडा आहे. बायपास किंवा कॅन्सरमध्ये तो कित्येक पटींनी वाढतो आणि शेत गहाण पडतं. प्रत्येक जिल्ह्यात हृदयशस्त्रक्रियेचा विभाग उभा करायला वर्षं लागतात, चालू हॉस्पिटलशी करार मात्र काही महिन्यांत होतो. विकत घेण्याचा हा फायदा कुणी नाकारू नये.

पण योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. ओपीडी तिच्यात नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला विकत घ्याव्या लागतात, त्यासाठी योजनेचं कार्ड चालत नाही. गोळ्या परवडत नाहीत म्हणून सोडल्या, मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिसची वेळ आली, की मग योजनेचं दार उघडतं. त्या गोळ्या फुकट मिळण्याचं ठिकाण म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. आमच्या मते या सगळ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि भाषणांत तो कधी येत नाही.

दुसरा मुद्दा अंतराचा. खासगी खाटा शहरांत आहेत. गडचिरोलीतल्या भामरागडच्या किंवा नंदुरबारमधल्या धडगावच्या माणसाच्या कार्डावरही 5 लाखच असतात, पण ते वटवायला त्याला दूरचं शहर गाठावं लागतं. आरोग्य केंद्राचा निकष मात्र लोकसंख्येवर आहे: सपाट भागात 30 हजारांना एक, डोंगरी-आदिवासी भागात 20 हजारांना एक.

योजना वापरताना अडतं कुठे, तेही पाहा. हॉस्पिटल अंगीकृत, म्हणजे योजनेशी करार केलेलं असतं, पण नेमक्या त्या विशेषज्ञतेसाठी नसतं. हृदयासाठी मान्यता आहे, हाडांसाठी नाही. म्हणून दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनिसाला, आजाराचं नाव सांगून विचारायचं. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवं. मग पूर्वमंजुरी लागते. तातडीच्या वेळी ती फोनवरून घेऊन उपचार सुरू करता येतात. बऱ्याच तक्रारी येतात त्या "हे पॅकेजमध्ये बसत नाही" असं सांगून मागितलेल्या पैशांच्या. पॅकेजच्या ठरलेल्या दरात खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, जेवण आणि घरी सोडल्यानंतरची 10 दिवसांची औषधं धरलेली असतात. तरीही पैसे मागितले तर पावती घ्या आणि 155388 वर तक्रार नोंदवा. पावती नसेल तर तक्रार सिद्ध करणं फार अवघड जातं.

सरकारी बाजूची दुखणी याहून कमी नाहीत. ऑगस्ट 2023 मध्ये ठाण्यातल्या कळव्याच्या पालिका रुग्णालयात आणि पुढे ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात थोड्या तासांत इतके मृत्यू झाले, की राज्यभर मनुष्यबळ, औषधपुरवठा आणि रुग्णांचा ताण यांवर प्रश्न उभे राहिले. औषधखरेदी 2017 मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, नंतर 2023 मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण नेमावं लागलं. आरोग्य केंद्राच्या पातळीवर हेच दुखणं साध्या रूपात दिसतं. डॉक्टरांची दोन पदं असतात, एक रिकामं राहतं, दुसरा डॉक्टर प्रशिक्षणाला किंवा शवविच्छेदनाला गेला की त्या दिवशी तपासायला कुणी नसतं. दोनदा परत गेलेला रुग्ण तिसऱ्यांदा येत नाही.

शाळा

शिक्षणहक्क कायदा 2010 पासून लागू आहे. त्यातल्या कलम 12 ने विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवायला लावल्या. अल्पसंख्याक शाळांना त्यातून सूट आहे. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1 लाख आहे, प्रवेश सोडतीने होतात आणि मूल आठवीपर्यंत मोफत शिकतं. नववीत पूर्ण फी सुरू होते. अर्ज भरतानाच याचा हिशोब करा, नाहीतर शाळा बदलायची वेळ नेमकी दहावीच्या तोंडावर येते.

सरकार शाळेला जी भरपाई देतं, तिचा राज्याने ठरवलेला दर एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये आहे, म्हणजे महिन्याला दीड हजारांहून थोडा कमी. 40 च्या वर्गात अशा 10 जागा होतात. शाळेची फी 50 हजार धरली तर दहा मुलांमागे वर्षाला 3,23,300 रुपयांची तूट राहते, आणि सरकारचे पैसेही वेळेवर येत नाहीत. ही तूट कुठून तरी भरून निघतेच, कधी इतरांच्या फीवाढीतून, तर कधी त्याच मुलांकडून गणवेश, बस आणि उपक्रमांच्या नावाखाली.

कायद्यातली मेख अशी, की भरपाई सरकार स्वतःच्या शाळेत दर मुलामागे जितका खर्च करतं तितकी किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा खर्च आखडला, तर खासगीतल्या गरीब मुलाची भरपाईही आखडते. एक बाजू मोडून दुसरी उभी राहील, असा हा कायदाच नाही.

9 फेब्रुवारी 2024 ला राज्याने उलटा प्रयोग केला. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना नियमात दुरुस्ती करून या जागांतून सूट दिली. पालकांना पर्याय म्हणून मुख्यतः जिल्हा परिषद आणि पालिकेच्याच शाळा दिसू लागल्या. 19 जुलै 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. सरकारी शाळा जवळ असताना खासगीला पैसे का द्यायचे, हा सरकारचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण जवळची शाळा सुधारण्याआधीच पर्याय काढून घेतला, हे चुकलं.

कारण ती शाळा आतून पाहा. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा कायद्याचा निकष. म्हणजे पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांनी सांभाळायचे. एक जण निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एका खोलीत येतात. पालक मूल काढून घेतात, पट घसरतो, पट घसरला की पद जातं. ही घसरण थांबवायची तर पटाची वाट न पाहता आधी शिक्षक द्यावा लागतो.

आमचं मत स्पष्ट आहे. मोठ्या शस्त्रक्रिया आणि शहरातल्या 25 टक्के जागा विकत घ्याव्यात, त्या बंद करू नयेत. पण वाढीव रुपया आधी आरोग्य केंद्रात आणि दोनशिक्षकी शाळेत जावा. फुले योजनेत सरकारी रुग्णालयंही अंगीकृत असतात आणि तिथे केलेल्या उपचारांच्या दाव्याची रक्कम रुग्णालयालाच मिळते. ती औषधं आणि यंत्रसामग्रीवर खर्च झाली, तर एकाच रुपयात दोन्ही कामं होतात.

दारात येणाऱ्या उमेदवाराला योजनेची रक्कम विचारू नका, ती सगळ्यांना पाठ असते. आपल्या आरोग्य केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, मागच्या तीन महिन्यांत रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवस नव्हत्या आणि शाळेतला दुसरा शिक्षक कधी येणार, हे विचारा. पदांची आणि साठ्याची माहिती तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात असते. ती माहिती अधिकारात लेखी मागता येते आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.