सबसिडीच्या नावाखाली सोलर वॉटर हीटरवाल्यानं घातलेला गंडा

नागपुरात ज्यांनी घराचं काम काढलंय, खास करून मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर या बाजूला जिथे बोअरचं पाणी आहे, त्यांनी हे वाचाच. आमच्याकडून 46 हजार गेले आणि हा माणूस अजून आमच्याच भागात फिरून राहिला.

आमच्या जुन्या घराच्या दोन्ही बाथरूम फोडल्या होत्या, तेव्हाच गरम पाण्याचं काय ते ठरवायचं होतं कारण पाइप भिंतीत जाणार. गॅस गीझरला आई नाही म्हणाली, बाथरूमला खिडकी एवढीशी, आणि गुदमरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतातच. इलेक्ट्रिकचं म्हणाल तर 2 किलोवॅटचा गीझर तासभर चालला की 2 युनिट, दोन बाथरूम, चार माणसं, म्हणून सोलर. नागपुरात उन्हाची काय कमी आहे.

टाइल्सवाल्याच्या ओळखीनं एक जण आला. बोलायला एकदम गोड, बाबांना म्हणे, "काका टेन्शनच नका घेऊ, पीएम सूर्यघरमध्ये 78 हजारापर्यंत सबसिडी आहे, तुमचे अर्ध्याच्या वर पैसे परत येतात, फाइल मी टाकतो." मोबाइलवर सरकारी साइट उघडून दाखवली. आधार, लाइट बिल, कॅन्सल चेक घेतला आणि फाइल चार्ज म्हणून 4 हजार वेगळे, ते पण रोख. आता यातली गंमत अशी की योजना खरी आहे, आकडा पण खरा आहे, फक्त ती गच्चीवरच्या वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे, 2024 मध्ये सुरू झाली, आणि 78 हजार मिळतात ते 3 किलोवॅट किंवा त्यावरच्या सिस्टीमला. पाणी तापवायच्या सोलरशी तिचा काहीएक संबंध नाही. वॉटर हीटरची केंद्राची सबसिडी तर 2014 मध्येच बंद झाली. म्हणजे खोटं असं काहीच दाखवलं नाही त्यानं, दुसऱ्याच वस्तूची सबसिडी दाखवून ही वस्तू विकली.

बसवायच्या दिवशी त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं आणि टाकीच्या तोंडातून आतल्या पत्र्याला लावून दाखवलं, चिकटत नाही बघा, 304 स्टील आहे, वीस वर्षं काही होत नाही. आम्ही सगळे बघून खूश. नंतर इतवारीतल्या एका स्टीलवाल्याकडून कळलं की 202 ग्रेडच्या स्टीलला पण चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या टेस्टवरून 304 की 202 हे काहीच कळत नाही. 202 हलकं आणि स्वस्त, आणि खारं गरम पाणी लागलं की वेल्डिंगपाशी आधी गंजतं. आमची टाकी पहिला हिवाळा संपायच्या आतच जोडावरून पाझरायला लागली. स्टीलवाल्यानं त्याच्याकडचं टेस्टिंगचं लिक्विड टाकून, बॅटरी लावून बघितलं, थेंब लाल झाला. 202.

त्याआधीच डिसेंबरात सकाळी पाणी कोमट येऊन राहिलं होतं आणि तिसऱ्या माणसाला तर थंडच. फोन केला की म्हणे काका थंडी जास्त आहे यावर्षी. प्लंबरनं टाकीची साइडची टोपी काढली तर आत पफ (उष्णता टिकवणारा फोम) जेमतेम दोन बोटं, खालच्या बाजूला पोकळच. आणि 200 लिटरची सिस्टीम म्हणून विकली त्याचं पण तसंच: उन्हात पाणी तापवणाऱ्या काचेच्या 15 नळ्या, एकेका नळीत साधारण 3 लिटर, म्हणजे 45 एक लिटर नळ्यांतच, ते धरून 200. आता नळ्यांतलं पाणी काही बाथरूमच्या नळाला येत नाही, ते तिथेच राहतं, गरम होऊन वर टाकीत चढतं आणि त्याच्या जागी थंड उतरतं. वापरायला मिळतं ते टाकीतलंच, दीडशेच्या आसपास.

आणि बोअरच्या पाण्याला काचेच्या नळ्या मुळात लावायलाच नको होत्या, आत पांढरा थर बसतो. अशा पाण्याला हीट एक्स्चेंजरवाली फ्लॅट प्लेट बरी, म्हणजे नळ्यांऐवजी उन्हात तापणारं सपाट पॅनल (कलेक्टर), ज्यात वेगळंच पाणी फिरून टाकीतलं पाणी तापवतं, महाग पडते पण बोअरचं पाणी कलेक्टरमधून फिरत नाही, आणि कलेक्टरवर आयएस 12933 (अशा सपाट कलेक्टरचं भारतीय मानक) चा आयएसआय मार्क बघून घेता येतो. त्यानं पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार किती) सोडा, पाणी बोअरचं की नळाचं एवढंपण विचारलं नव्हतं.

सगळ्यात डोकं कुठे फिरलं तर बिलावर. "सोलर सिस्टीम, 1 नग". बस. ना लिटर, ना स्टीलचा ग्रेड, ना नळ्या किती, ना सिरीयल नंबर. वॉरंटी कार्डावर स्टॅम्प आहे तो पण वाचता येत नाही. तुम्ही घेत असाल तर टाकीचे लिटर नळ्या सोडून, आतलं स्टील 304 असं अक्षरात, पफची जाडी, हे बिलावरच लिहून मागा आणि तो काचकूच करायला लागला की चहा पाजून रवाना करा.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, त्यावर तो फोनच उचलत नाही. आता ग्राहक आयोगात जाऊन राहिलो, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मागच्या गल्लीत त्याच माणसाचे अजून दोन हीटर निघाले, त्यांच्याकडून पण फाइल चार्ज घेतलाय, पण त्यांचे पैसे यूपीआयनं गेलेत, म्हणजे पुरावा आहे, त्यामुळे तिघं मिळून एकच तक्रार करतोय.