दर वेळी ओटीपी की संशय आला तरच? पतपेढीच्या ॲपचं लॉगिन ठरवताना

सभासदांसाठी ॲप काढायचं ठरलं की पतपेढीच्या संचालक मंडळात पहिला वाद लॉगिनवरून होतो. ‘पैशांचा मामला आहे, प्रत्येक वेळी ओटीपी मागा,’ असं काही जण म्हणतात. ‘लोक कंटाळून ॲप काढून टाकतील,’ असं बाकीचे. मुंबईतल्या छोट्या संस्थांची ही कामं मी करतो, त्यामुळे माझा कल आधीच सांगतो. ओळखीच्या फोनवरून शिल्लक बघणाऱ्याला अडवू नका. पैसे बाहेर जाताना मात्र फोन कितीही ओळखीचा असला तरी थांबवून विचारा.

दर वेळी ओटीपी

याची जमेची बाजू अशी की सभासदाला काही शिकवावं लागत नाही. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना जादा पडताळणी हवीच, असं रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये सांगितलं आणि पुढे ओटीपी घरोघरी पोचला. संस्थेला फक्त डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेत, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) नोंदवायचं, एसएमएसचे पैसे भरायचे.

पण लालबागच्या एका शाखेत मी जे पाहिलं ते सांगतो. एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक घेऊन काउंटरशी बसल्या होत्या. ॲप त्यांच्या फोनवर, नोंदवलेला नंबर मुलाचा. मुलगा भुयारी मेट्रोत, रेंज नाही. पहिला ओटीपी उशिरा पोचला आणि बाद झाला. दुसरा आला तेव्हा मुलाने फोन केला, ‘आई, लिहून घे,’ आणि आजींनी पासबुकाच्या मागच्या पानावर सहा आकडे लिहून घेतले. त्या पानावर असे आकडे आधीच ओळीने लिहिलेले होते.

त्या पानाने मला हादरवलं. आपणच या माणसांना फोनवर ओटीपी सांगायची आणि ऐकायची सवय लावतोय. उद्या भामट्याचा फोन आला की तीच सवय त्याच्या कामी येणार. शिवाय चोराने सभासदाच्या नंबरचं सिम स्वतःकडे बदलून घेतलं की ओटीपी थेट त्याच्याकडे जातो, आणि खोट्या वेबपानावर टाकलेला ओटीपी त्याला तिथल्या तिथे वापरता येतो.

संशय आला तरच विचारणारं लॉगिन

विक्रेते याला ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ म्हणतात. फोन नेहमीचा आहे का, वेळ कुठली, चुकीचे प्रयत्न किती झाले, नंबर किंवा पासवर्ड नुकताच बदललाय का, हे बघून प्रणाली जोखमीचा अंदाज बांधते. जोखीम कमी असेल तर फोनचं लॉक उघडलं की आत. शंका आली तर आणखी एक पुरावा. फारच विचित्र वाटलं तर सरळ अडवणूक.

मुंबईत यातली एक खूण मात्र फसवी निघते, ती म्हणजे ठिकाण. मोबाइल इंटरनेटवर शेकडो ग्राहक एकाच आयपी पत्त्याआड (इंटरनेटवरच्या पत्त्याआड) असतात आणि तो पत्ता भलत्याच शहराचा दिसू शकतो. बीकेसीतल्या कचेरीच्या व्हीपीएनवर, म्हणजे कंपनीच्या खाजगी जोडणीवर, गेलेला सभासद दहा मिनिटांत सिंगापूरला पोचलेला दिसतो. ठिकाणाला जास्त गुण दिले तर प्रामाणिक माणसं रोज अडकतील. नवा फोन आणि नुकताच बदललेला नंबर एकत्र दिसले तर ती खरी धोक्याची खूण. चाळीतल्या एका घरात एकाच फोनवर तीन सभासद असतात, तेही गृहीत धरा. सुरुवातीला प्रणाली कोणालाच ओळखत नाही, म्हणून पहिला महिनाभर तिला नुसतं बघू द्या, अडवू देऊ नका.

या पद्धतीची मोठी मर्यादा वेगळीच आहे. फोन सभासदाचा, हात सभासदाचा, घर तेच. फक्त समोरचा भामटा स्क्रीन शेअर करायला लावून सूचना देतोय. लॉगिनच्या नजरेने इथे सगळं ठीक असतं. म्हणून पैसे पाठवायला नवं खातं जोडल्यावर काही तास थोडीच रक्कम जाऊ देणं, ही अट लॉगिनवरच्या कुठल्याही हुशारीपेक्षा मला मोलाची वाटते.

शंका आल्यावर मागायचं काय?

पुन्हा एसएमएसच मागितला तर वरचे सगळे दोष परत आले. ऑथेंटिकेटर ॲपचा (फोनवरच आकडा तयार करणाऱ्या ॲपचा) आकडा साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो आणि रेंजशिवाय चालतो, पण खोट्या पानावर तोही टाकला जातोच. फोनवर येणारी ‘हो’ दाबायची सूचना सोयीची, पण २०२२ मध्ये उबर कंपनीच्या प्रणालीत घुसलेल्याने अशाच सूचनांचा मारा केला आणि वैतागलेल्या माणसाने शेवटी एक मंजूर केली. पासकी, म्हणजे फोनच्या लॉकने उघडणारी डिजिटल किल्ली, यांत सर्वात भक्कम. ती खऱ्या ॲपशी किंवा संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, नकली पानाला उत्तरच देत नाही.

फोन हरवला तर? तिथे पुन्हा एसएमएसवर भागवलं, तर पासकीची ताकद एसएमएसएवढीच उरली. पतपेढीकडे मोठ्या बँकांना हेवा वाटावा अशी गोष्ट आहे: सभासदाला चेहऱ्याने ओळखणारा शाखेतला माणूस. नवा फोन जोडायला शाखेत या, पासबुक दाखवा, सही करा, एवढं पुरे.

मग घ्यायचं काय?

ॲप नुसती शिल्लक आणि हप्ते दाखवणार असेल, तर पहिल्या नोंदणीला शाखेत ओळख आणि नंतर फोनचं लॉक. अ‍ॅडॅप्टिव्हवर खर्च नको. पैसे बाहेर जाणार असतील तर अ‍ॅडॅप्टिव्ह घ्या, शंकेला पासकी ठेवा, आणि प्रत्येक रकमेला वेगळी मंजुरी मागा. पण त्या प्रणालीचे इशारे रोज बघणारा माणूस नेमणार नसाल तर ती घेऊ नका. न वाचलेले इशारे काही वाचवत नाहीत.

लालबागच्या त्या शाखेत आम्ही आजींचा स्वतःचा नंबर नोंदवला आणि बोटाचा ठसा लावायला घेतला. आयुष्यभर भांडी घासून झिजलेलं बोट, चार वेळा ठेवलं तरी फोनला कळेना. शेवटी सहा आकडी पिन लावला. तुमच्या विक्रेत्याला विचारायच्या यादीत हेही असू द्या: ठसा लागला नाही तर पिनवर सगळं चालतं ना?